कपोलपूरण

३ मार्च १९७८, सांगली

आज आम्ही साताऱ्याचा त्याग केला. नगरीने अश्रू ढाळल्याचे वृत्त अद्याप हाती आलेले नाही. ज्या विद्यालयात सव्वीस वर्षे आम्ही 'देव' शब्द चालवला, तेथे यंदापासून संस्कृतच्या जागी कुक्कुटपालन आले. कोंबडीस विभक्ती लागत नाहीत, हे संस्थेने आम्हांस सविनय पत्राने कळवले. असो. लिहिताना टाक अजून कागद फाडतो, एवढाच काय तो राग शिल्लक आहे.

नवे बिऱ्हाड हळदीचे व्यापारी आदगोंडा यांच्या मागील खोलीत. भिंती, उंबरा, मांजर, सर्व पीतवर्ण. जैन घरमालकांनी दोन अटी घातल्या: कांदा-लसूण वर्ज्य आणि सूर्यास्तापूर्वी भोजन. त्यांची कन्या त्रिशला हिने तिसरी घातली, की मास्तरांनी तिच्याशी बोलताना समास सोडवून बोलावे. वय तेवीस, जिव्हा तीक्ष्ण. दाढेचे गळू कापल्याने डाव्या गालास खळगा पडला आहे. दोन स्थळे चहा पिऊन, खळगा पाहून परत गेली.

नोकरी 'मुखश्री' या सौंदर्यालयात. चालक डॉक्टर लालासाहेब हे पूर्वी पलटणीच्या दवाखान्यात मलमपट्टी करीत. पुढे सिंगापुरात ही विद्या शिकले, असे तेच सांगतात. पत्रक लिहिण्यास त्यांना विद्वान हवा होता. मास्तर, सुई मी मारतो, शब्द तुमी मारा, अशी त्यांनी कार्यविभागणी केली. प्रसन्न गृहस्थ. आम्हीही प्रसन्न आहोत.

८ मार्च

विद्या अद्भुत आहे. बसलेल्या गालात स्वच्छ, दाट तेल सुईने भरावयाचे. पाच मिनिटांत दहा वर्षे उतरतात. इंग्रजीत त्यास सिलिकॉन म्हणतात. असल्या म्लेच्छ नामाने सांगलीकर गाल पुढे करतील काय? आम्ही नामकरण केले: कपोलपूरण. 'कपोलकल्पित' या शब्दास जन्मल्यापासून प्रथमच शब्दशः अर्थ लाभला, असा विनोदही केला. डॉक्टर हसले नाहीत.

पत्रकात तीन विशेषणे योजली: निर्दोष, निरपाय, चिरस्थायी. त्रिशलेने कच्ची प्रत वाचली आणि एकच प्रश्न विचारला, की यात कुठल्या जिवाचे काही नाही ना? आम्ही डॉक्टरांस विचारले. त्यांनी आईची शपथ घेतली, की किड्यामुंगीचासुद्धा अंश न्हाई. आम्ही चौथे विशेषण जोडले: निरामिष. तिचे समाधान झाले. आदगोंडांचेही झाले. आमचे तर विशेषण लिहितानाच झाले होते.

१२ मार्च

आज आमचेच कपोलपूरण झाले. हलवायाने उपाशी दिसू नये, हा डॉक्टरांचा युक्तिवाद. वरच्या चार दाढा गेल्यापासून आमचे गाल परस्परांस भेटू पाहत होते. सहा टोचण्या. नाकाशेजारी एक ठिपका खडूसारखा पांढरा पडला. व्हतंय असं, म्हणून डॉक्टरांनी तो चोळला. यथावकाश रंग परतला.

आरशात एक देखणा पुरुष होता. आदगोंडांनी आम्हांस पाहुणा समजून पाट मांडला. त्रिशला भोवती फिरून, कुंभाराकडचा माठ पाहावा तशी निरखत राहिली. चैत्रात मिरजेचे स्थळ येणार आहे.

२९ मार्च

गाल सकाळी घट्ट असतात. स्पर्शास लिंबू, चवीस काहीच नाही. प, फ, ब, भ, म या पाच वर्णांसाठी ओठ मिटावे लागतात. आमचे ओठ हल्ली वाटणीनंतरच्या भावांप्रमाणे अनिच्छेने भेटतात. आदगोंडांना 'पाणी' म्हणालो, त्यांना 'आणी' ऐकू आले. काय आणू, असे त्यांनी विचारले.

आणखी एक. ओठांचे कोपरे वर गेले आहेत आणि खाली येत नाहीत.

४ एप्रिल

कवठे महांकाळहून बनुबाई नावाची बाई आली. दोन वर्षांपूर्वी लालासाहेबांनी तिकडे जत्रेत तंबू टाकला होता, तेव्हाची गिऱ्हाईक. तिने पदर बाजूला केला. गाल नव्हता, निळसर कातडीखाली दगड होता, आणि वरचा डोळा दुधासारखा. सुई टोचली तवाच डोळ्याफुडं अंधार झाला, म्हणाली. काढून द्या म्हणाली. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितले आहे, की हे मांसात मुरते; काढायचे तर गालच काढावा लागेल.

लालासाहेबांनी तिला हाताला धरून पायरी उतरवली. जाताना ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, आवं मास्तर, तुमी हसताय व्हय?

मी हसत नव्हतो.

५ एप्रिल

पडद्यामागचा डबा पाहिला. लेबल खरवडले आहे, पण तळाशी इंग्रजी अक्षरे राहिली आहेत: यंत्राच्या सांध्यांसाठी. मानवी शरीरात वापरू नये.

निरामिषच आहे. यंत्रास मांस कोठले!

मी लालासाहेबाच्या अंगावर धावून गेलो. नीच, अधम, नरपशू, जे जे आठवले ते बोललो. निम्मे वर्ण उमटले नाहीत. तो पोट धरून हसला. मास्तर लय इनोदी, असे बाहेर बसलेल्या बायकांना सांगू लागला. त्याही हसल्या. माझ्या तोंडाकडे बघून. मागे आरसा होता. त्यात रागाने थरथरणारा एक गृहस्थ तृप्त हसत होता, जणू नुकतेच श्रीखंड जेवून उठला आहे.

डबा आता कपाटात आहे. किल्ली त्याच्या करगोट्याला.

६ एप्रिल

चौकीवर गेलो. बोलणे कळेना, म्हणून लिहून दिले. हवालदाराने कागद वाचला, तोंड पाहिले, म्हणाला, एवढं ग्वाड हसत कुणी तक्रार देतं व्हय? मग स्वतःच्या बायकोसाठी त्याने पत्रक मागितले. मी दिले नाही. खिशातून पडले होते, ते त्याने उचलले.

डाव्या गालात गाठ. सकाळी जबड्याजवळ होती. उन्हे तापली तशी सरकली. आता डोळ्याखाली.

८ एप्रिल

त्रिशलेला लालासाहेबाने कपोलपूरणासाठी दहा तारखेची वेळ दिली आहे. दहा वाजता.

तिला सगळे लिहून दाखवले. बनुबाई, डबा, गाठ. तिने शेवटच्या ओळीपर्यंत वाचले. मला वाटले, जिंकलो. मग तिने माझेच पत्रक काढले. म्हणाली, मास्तर, हे पण तुम्हीच लिहिलंय की. दोन्हीतलं खोटं कुठलं? पत्रकाचं अक्षर बरं आहे.

हात जोडले. ओरडलो. रडलो. डोळ्यांतून पाणी आले ते फुगलेल्या गालांवरून हसत घरंगळले. ती म्हणाली, लग्न माझं अडलंय, चेष्टा पुरे. तुमच्या तोंडाकडे बघूनच तर मी ठरवलं.

आदगोंडांनी दार लावून घेतले. हळुवारपणे. ते सज्जन आहेत.

काय केले मी! चार विशेषणे. त्या गाढवाला साधे 'तेल' लिहायला लावले असते, तर कुणी गाल पुढे केला नसता. सुई त्याची, पण ती आत शिरली ती माझ्या —

९ एप्रिल

भाकरी चावत नाही. ताक पितो, अर्धे सांडते.

मुखश्रीत गेलो. मला कुणी हाकलत नाही. मी जाहिरात आहे. लालासाहेब कपाट उघडून डबा हलवत होता. तळाला दोन पिचकाऱ्यांपुरते उरले आहे. पुढला माल दोन महिन्यांनी. उद्या अकराला फोटोवाला येणार — नव्या पत्रकावर माझे तोंड —

दोन महिने. तोवर मिरजकर येऊन जातील. तोवर बनुबाईला शोधून त्रिशलेसमोर उभी करता येईल. तिचा गाल खोटे बोलत नाही.

दोन पिचकाऱ्या.

१० एप्रिल. पावणेदहा

तिच्या आधी खुर्चीत बसलो. वहीत लिहून त्याला दाखवले: फोटोसाठी कपाळ भरा, नाकाचा दांडा भरा, आहे तेवढे सगळे भरा. त्याने माझे तोंड पाहिले. राजी आहे ना, विचारायची गरजच पडली नाही. म्हणतो, गडी असावा तर असा. पोरीचं बघू, फुडला माल आला की.

ही वही मांडीवर. लिहू दे, म्हणतो, मास्तर हाय.

पहिली. कपाळ. जळते.

त्रिशला दारात आली. त्याने तिला थांबायला सांगितले. ती थांबली. बघते आहे.

दुसरी भरतो आहे. डबा उपडा धरला. थेंब निथळतो. हलकटा, निथळू दे, सगळे घे —

नाकाशेजारी. पांढरे झाले असणार, तिने तोंडावर हात घेतला. डॉक्टर चोळतो. चोळू नको —

डावा डोळा गेला. दुखले नाही. नुसता गेला.

त्रिशला ओरडते आहे. थांबवा म्हणते. तिला दिसले. अखेर कुणाला तरी — नको थांबवू. अजून आहे पिचकारीत. मी त्याचा हात धरून दाबला —

डबा रिकामा. त्याने खाली टाकला, आवाज आला —

उजवीकडून आता — ओळ दिसत नाही — त्रिशले, पायरी उतर, घरी जा. पाहुण्यांना सांग, मान वर करून सांग, हा गाल माझा आ