दीडनंतरचा धूर

कोल्हापूर,
१९ जानेवारी २०२६

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. तुझं आणि वहिनींचं बरं चाललं असेल. इकडे मी ठीक. आई संक्रांतीपासून माझ्याकडे आहे, बरी आहे, काळजी करू नकोस.

दोनदा फोन कापलास, म्हणून कागदावर लिहितेय. आकारामकाकांच्या दुधाच्या गाडीतून पाठवते. फाडायचं तर फाड, पण आधी वाच.

सव्वीस तारखेला आपल्या गावाला ‘धूरमुक्त गाव’ अशी पाटी मिळणार आणि सरपंच म्हणून तू ती घेणार, हे मला तुझ्याकडून नाही, विद्यापीठातल्या आमच्या सरांकडून कळलं. पाटी कशाच्या जोरावर? माझ्या तक्त्याच्या. जिल्ह्यातली हवा कुठल्या महिन्यात, कुठे, कशी बिघडते हे उपग्रहाच्या आकड्यांतून शोधण्यात माझी तीन वर्षं गेली. पावसाळ्यात ढगांपुढे काही दिसत नाही, उन्हाळ्यात सगळी धूळ, आणि ऊसतोड सुरू झाली की रानात उसाचं वाळकं पाचट पेटतं, त्याचे नकाशावर लाल ठिपके. आपल्या शिवारात गेल्या हंगामात एक्केचाळीस ठिपके होते. यंदा दोन. सर हरखलेच. “संयोगिता, तुझं गाव सुधारलं की!”

मीही हरखले होते, खोटं कशाला बोलू. पण हवेतल्या धुराचे आकडे स्वतंत्र येतात, ते मात्र गेल्या वर्षीइतकेच. उलट थोडे जास्तच. आग नाही आणि धूर आहे! महिनाभर डोकं फोडून घेतलं. वारा तपासला, गुऱ्हाळं तपासली, शेजारच्या तालुक्यांवर खापर फोडून पाहिलं. एकदा तर उपग्रहच बिघडलाय असं ठरवून मोकळी झाले.

मग संक्रांतीला घरी आले. दुपारी रानाकडे गेले, तर बांधावर आपल्या भावकीतले बाळासो. हातात काडेपेटी आणि नजर मोबाईलच्या घड्याळावर.

“काय बघतायसा?” मी विचारलं.

“थांब ताई, तुझं वरचं जाऊ दे. दोन वाजले की लावतो. दादानं सगळ्यास्नी सांगितलंय, दीडच्या टायमाला काय पेटवायचं न्हाय.”

किती सहज सांगितलं त्यांनी. जणू मलाच मदत करत होते.

आणि दीडची वेळ तुला सांगितली कोणी? मीच. दिवाळीत फराळाला बसलो होतो, तू विचारलंस, “ते वरनं कवा बघतंय गं?” मी शहाणी, चकली मोडत सांगून टाकलं, दुपारी दीडच्या सुमाराला, मग थेट मध्यरात्रीनंतर. तू हसलास. “म्हंजे मधी सुट्टीच की त्याला!” मीही हसले. पाचट तासाभरात जळून जातं, मध्यरात्री राखेशिवाय काय उरणार? तुला हे तिथल्या तिथे कळलं. मला कळायला तीन महिने लागले. राग तुझा जास्त येतो की माझा, खरंच सांगता येत नाही.

तू म्हणशील, माणसं मिळत नाहीत, पाचटाची कुट्टी करायचं यंत्र वेळेवर येत नाही, तोडलेल्या उसाचा खोडवा फुटायचा खोळंबतो. सगळं कबूल. मग पाटी तरी कशाला घेतोस?

आता टाळत होते ते लिहिते. वर ‘आई बरी आहे’ लिहिलंय, ते खोटं आहे. त्या दुपारी बाळासोंच्या रानातला धूर आपल्या गोठ्यापर्यंत आला. थंडीत तो वर जात नाही, जमिनीलाच धरून बसतो. आई धार काढायला गेली होती. तिला श्वास घेता येईना, ओठ निळे पडले. तू कारखान्यावर, वहिनी माहेरी. मी तिला गाडीत घालून थेट इकडे आणलं आणि ‘चार दिवस लेकीकडे’ असा निरोप ठेवला, कारण तिने शपथ घातली. “त्याला सांगू नगंस. पाटी घेऊ दे, मग सांग.”

ती माझ्या घरी नाही, दवाखान्यात आहे. नाकाला नळी आहे. काल म्हणाली, “तुझ्या त्या वरच्याला दिसंना, मग माझ्या छातीला कसं कळतंय गं?” मी बाहेर जाऊन रडले.

आज सरांना दुरुस्त केलेला तक्ता दिला. ठिपके का घटले ते लिहिलं, आणि वेळ गावाला कोणी सांगितली तिथे माझं नाव घातलं. सर संतापलेत, माझा प्रबंध बहुधा लटकला. आपलं रानही त्यात आहे. आठ तारखेला चार वाजता तू पेटवलंस, ते आईनेच बोलता बोलता सांगितलं. पाटी मिळणार नाही, दादा.

शिव्या द्यायच्या तर दे, पण इथे येऊन दे. दार वाजलं की आई मान वळवते. धूर असेल तिथे परत पाठवू नका, असं डॉक्टर म्हणतात. ती रोज विचारते, घरी कधी सोडणार. आपल्या वरच्या मळ्यातलं पाचट अजून तसंच पडलंय, हे तिला ठाऊक आहे. तिला काय सांगायचं ते तूच येऊन सांग.

दवाखान्यात भेटायची वेळ दुपारी चार ते सहा. तेव्हा तू कुठे असतोस, ते वरच्याला दिसत नसलं तरी आता मला कळेल.

तुला दीडची वेळ सांगणारी,
संयोगिता