गणित न घेता सायन्स

आई, तुझ्या नातीचा दहावीचा निकाल लागला. तू गेलीस तेव्हा ती अंगणवाडीत जायची आणि दारातच रडून गोंधळ घालायची. आता माझ्यापेक्षा उंच झाली आहे. पास झाली, मार्क चांगले पडले, आणि त्या दिवसापासून घरात नुसते प्रश्न चालू आहेत. अकरावीचा फॉर्म आता फोनवर भरतात. कॉलेजं पसंतीच्या क्रमानं लिहायची असतात. पहिलं लिहिलेलं मिळालं तर तिथंच जावं लागतं का, नंतर बदलता येतं का, शाळेतून दाखला कधी काढायचा, जातीचा दाखला आत्ताच लागतो की बारावीनंतर, रोज एस.टी.नं जायचं की नारायणगावात खोली बघायची. जेवताना विचारते, केस विंचरताना विचारते. मला येतात तेवढी उत्तरं देते, बाकीच्या प्रश्नांना 'विचारून सांगते' म्हणते. परवा असंच म्हणाले आणि तुझी आठवण आली, म्हणून ही वही घेऊन बसले आहे.

माझ्या वेळी निकाल शाळेच्या फळ्यावर लागला होता. पास झाल्याचा आनंद जेमतेम घरी येईपर्यंत टिकला. शाळा गावात होती, पुढचं सगळं ओतूरला. मला गाडीत एकटीनं बसायची भीती वाटत होती. मधल्या वेळात मुली बसतात कुठं, लघवीला जातात कुठं, शिकवलेलं समजलं नाही तर विचारायचं कुणाला, असले प्रश्न पडायचे, ते कुणाला सांगताही येत नव्हते. आणि सगळ्यांत मोठा प्रश्न गणिताचा. आप्पांना टायफॉइड झाला होता तेव्हा रक्त तपासायला आपण त्यांना ओतूरला नेलं होतं. तिथल्या लॅबमधल्या ताईंनी मला मायक्रोस्कोपमधून बघू दिलं होतं. तेव्हापासून मला ते काम करायचं होतं, हे फक्त तुला माहीत होतं. पण त्याला सायन्स लागतं आणि सायन्सला गणित लागतंच, असं वर्गातल्या सगळ्याच मुली म्हणायच्या. गणितात मी कशीबशी पास झाले होते.

तू चौथीपर्यंत शिकलेली. मराठी शाळेत पोरांची खिचडी शिजवायचीस. पत्र्याच्या त्या खोलीत चुलीचा धूर भरलेला असायचा आणि तू दाराकडे पाठ करून तांदूळ निवडत असायचीस. तुझ्या विचारण्याची सुरुवात तिथूनच झाली. मुलांना वाढून झालं की शाळेतल्या बाईंना एक प्रश्न विचारायचीस. रोज एकच, त्यांना कंटाळा येऊ नये म्हणून. मग दवाखान्यातल्या कंपाउंडरला, मग फाट्यावर गाडीची वाट बघणाऱ्या कॉलेजच्या मुलींना. आणि संध्याकाळी भाकरी थापताना मला जसंच्या तसं सांगायचीस. "दाखला अस्सल घेत्यात, माघारी देत न्हाईत. म्हून आदी झेराक्स काढून ठिवायची." "यष्टीचा पास कॉलेजातल्या कागदावर मिळतो, सही लागती." "पोरींची बसायची खोली येगळी हाय, नळ बी हाय." एकदा मी चिडून म्हणाले, "सगळ्या गावाला कशाला विचारत फिरतेस? तुला काय कळतं त्यातलं?" तू तव्यावरची भाकरी उलटलीस आणि माझ्याकडे न बघता बोललीस, "कळत न्हाई म्हून तर इचारते. तुला बी कळत न्हाई, पर तू गप बसती."

ॲडमिशनला गेलो तो सोमवार होता. आप्पा टेम्पोत जनावरं भरून बेल्ह्याच्या बाजाराला गेले होते, म्हणून आपण दोघीच निघालो. तू शाळेत बदली बाई देऊन आली होतीस. कॉलेजच्या खिडकीपुढं मोठी रांग होती. पुढच्या-मागच्या मुली एकमेकींशी इंग्रजी शब्द घालून बोलत होत्या, आणि तू माझ्या शेजारी उभी राहून त्यांना विचारत होतीस, "बाळा, तू कंच्या गावची? तू काय घेनार?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तुला म्हणाले, "आई, तू बाहेर झाडाखाली बस. आणि इथं कुणाला काही विचारू नकोस." तू कागदांची पिशवी माझ्या हातात दिलीस आणि गेलीस.

दीडेक तासानं माझा नंबर आला. क्लार्कनं मान वर न करता विचारलं, "कोणती साईड?" तेवढ्यात तू मागून धावत आलीस. बाहेर बसल्या बसल्या तू तिथल्या शिपायाला गाठलंच होतंस. रांगेच्या मागून मोठ्यानं म्हणालीस, "अगं, गनित न घेता बी सायन घेता येतंय. ह्या भाऊंनी सांगितलं. बायलाजी घ्यायचं, गनिताच्या जागी दुसरं कायतरी देत्यात." 'सायन' ऐकून मागच्या दोन मुली हसल्या. तुझ्या पदरावर खिचडीच्या हळदीचे डाग होते. मी तुझ्याकडे वळले नाही. खिडकीत वाकून म्हणाले, "आर्ट्स." त्यानं लिहिलं.

परतीच्या गाडीत आपल्याला जागा मिळाली. तू विचारलंस, "घेतलं का मग सायन?" मी म्हणाले, "गर्दीत मला काही ऐकूच आलं नाही. आर्ट्स लिहिलं गेलं." तू सगळं पुन्हा सांगितलंस, सावकाश, शिपायाच्या शब्दांत. मग म्हणालीस, "मग उद्या जाऊन बदलू." मी सांगितलं, "बदलता येत नाही." "इचारलं व्हतं का?" "हो, विचारलं." मी काहीच विचारलं नव्हतं. तू एवढंच म्हणालीस, "बरं. त्यात बी शिकत्यातच की." आणि डब्यातला शेंगदाण्याचा लाडू काढून अर्धा मला दिलास. कॉलेज सुरू झाल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत माझ्या बाकावरची मुलगी साईड बदलून गेली. तिच्या वडिलांनी साधा अर्ज लिहून दिला होता. ते मी तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी तू मला घेऊन तिथं उभी राहिली असतीस.

बारावीनंतर मला बघायला पाहुणे आले तेव्हाचं तुला नक्की आठवत असेल. त्यांच्यातल्या एका शिकलेल्या बाईंनी सहज विचारलं, "मार्क तर बरे आहेत, मग सायन्सला का नाही गेलीस?" तू चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होतीस. मी म्हणाले, "आमच्या घरात सांगणारं कुणी नव्हतं. आई-वडील शिकलेले नाहीत." तू कप पुढं करत म्हणालीस, "व्हय, आमाला काय कळतंय त्यातलं." आवाजात राग नव्हता, नुसतं कबूल केल्यासारखं होतं. मग तू लग्नाच्या धावपळीला लागलीस. पुढं इतकी वर्षं आपण बोललो, माझ्या बाळंतपणात तू दोन महिने माझ्याजवळ होतीस, पण तो विषय तू काढला नाहीस आणि मीही काढला नाही. मग तू एका दुपारी शाळेतच बसल्या जागी कलंडलीस. मी पोचेपर्यंत तुझी वाचा गेली होती.

माझं काही वाईट झालं नाही, आई. मी दवाखान्यात केसपेपर लिहिते. माणसं खिडकीशी येऊन विचारतात, मी सांगते. लॅब माझ्यापासून दोन दारं पलीकडे आहे. तिथल्या मुली कधी कधी माझ्याजवळ बसून डबा खातात. मला हेवा वाटत नाही, असं म्हणण्याइतकी मी मोठी झालेली नाही.

हे पत्र मी कुठं टाकणार, आणि तुला वाचून तरी कोण दाखवणार. वही पेटीत ठेवून देईन. पण एक लिहायचं राहिलं. रविवारी फॉर्म भरताना लेकीनं मान वर करून विचारलं, "आई, तू आर्ट्स का घेतलंस गं?" मी तेच सांगितलं, जे नेहमी सांगत आले. तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं. ती परत फोनकडे वळली आणि म्हणाली, "आज्जीला पण माहीत नव्हतं?"

मी म्हणाले, "नाही."