दोन तोंडांची पेटी

मी, कुंडलिक मायाप्पा मेटकरी, वय अडुसष्ट, पाटबंधारे खात्यातून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त, राहणार जुळे सोलापूर, मूळ गाव सांगोला तालुक्यात, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता राजीखुशीने लिहून ठेवीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. दम ठिकाणावर नाही. छातीच्या डॉक्टरांनी जिने चढू नका, भांडू नका आणि गाऊ नका असे सांगितले आहे. पहिल्या दोन गोष्टी मी पाळतो. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. वकील नंदीश बिराजदार यांनी मसुदा करून दिला तो कायद्याने चोख होता, पण वाचताना मेलेला माणूस दुसराच कोणी वाटत होता. म्हणून कलमे त्यांची ठेवून मधला मजकूर मी माझा घातला आहे.

१. राहता फ्लॅट माझ्या पश्चात पत्नी सौ. सोजरबाई हिच्या मालकीचा होईल व तिच्यानंतर मुलगा चि. अमृत याचा. ती हयात असेपर्यंत अमृतने फ्लॅट विकण्याचा विषय काढू नये. पुण्याहून फोनवरही काढू नये.

२. बँकेतील ठेव व घरातील सर्व चीजवस्तू, कलम ४ ते ६ मधील सोडून, सोजरबाईस. या बाईने मधली खोली गाण्यासाठी सोडली आणि स्वतःची शिलाई मशीन स्वयंपाकघरात नेली. त्याबद्दल मी तिला कधी काही बोललो नाही, ते येथे लिहितो. सोजर, तुझे फार झाले.

३. गावची जमीन वडिलांच्या हयातीतच वाटली गेली आहे. मेंढरे सगळी धाकटा भाऊ जोतिराम याच्याकडे आहेत व ती त्याचीच आहेत. माझ्या नावावर एकही मेंढरू नाही.

४. कॉम्प्युटर. हे कलम लांबेल, वाचणाऱ्याने बसून घ्यावे.

आम्ही दोघे भाऊ बिरोबाच्या ओव्या वडिलांकडून शिकलो. मी ओळ टाकायची, त्याने ती उचलून पुढे न्यायची, अशी आमची जोडी. अर्धी ओवी माझ्या तोंडात, अर्धी त्याच्या. निवृत्त झाल्यावर वाटले, आपल्यामागे हे जाईल, तर घरीच रेकॉर्ड करून ठेवू. अमृत म्हणाला, लॅपटॉप घ्या, आवाज करत नाही. माझे मन मानेना. मेंढा घेताना दात बघतात, पाठीवरून हात फिरवतात. सात रस्त्यावरच्या एका दुकानात मी कॉम्प्युटर नुसता उचलून बघितला आणि सर्वांत जड होता तो घेतला. घरी आणल्यावर कळले की तो पोरांच्या गेमसाठीचा आहे. आतून निळे-तांबडे दिवे लागतात आणि तीन पंखे घरघरतात. माइक ती घरघर आधी पकडतो, मग माणसाला. तो गॅलरीत ठेवला, वायर खिडकीतून आत घेतली, खोलीच्या भिंतींना घोंगड्या ठोकल्या. आवाज घुमायचा थांबला. पाहुणे मात्र विचारू लागले की मेंढरं आत बांधता काय.

खरी चूक पेटीची. माइक थेट कॉम्प्युटरला जोडून भागत नाही, मध्ये एक लहान पेटी लागते. दुकानात दोन प्रकार होते, एक माइक लागणारी आणि दोन लागणारी. दुकानदार म्हणाला, एकाची घ्या, एकेकटे गा, नंतर जोडता येते. अमृतही म्हणाला, वेगवेगळे घेतले की आवाज स्वच्छ येतो. मी एकाची घेतली.

जोतिराम गावाहून आला, पेटी उलटसुलट करून बघितली. "आरं आण्णा, आपली तोंडं दोन आन् पेटी एका तोंडाची आनलीस? कुटल्या शान्यानं दिली ही?"

मी त्याला समजावले की आधी मी गाईन, मग तू कानाला हेडफोन लावून तुझ्या जागा भर. ताल चुकू नये म्हणून कानात टिकटिक वाजत राहील.

"आन् तू कुटं असनार?"

"बाहेर."

"एकाच माइकफुडं दोघं हुबं ऱ्हाऊ की."

मी नाही म्हणालो. तो बसला. माझी ओळ संपायच्या आत तो उचलायचा, नाहीतर लांबवायचा, आणि टिकटिक पुढे निघून जायची. मी दारातून तीन-चारदा हात दाखवून थांबवले. शेवटी त्याने हेडफोन काढून आपटला. "मेंढरं टिकटिकीवर चालत न्हाईत, आण्णा. तुझं तोंड दिसल्याबिगर मला कळत न्हाय तू कुटं थांबनार." मी म्हणालो, तुला नवीन काही शिकायचेच नाही. तो त्याच पावली मोडनिंबची एसटी धरून सासुरवाडीला गेला. दारात सोजर म्हणाली, "अवो, च्या तरी घेऊन जावा." तो थांबला नाही. त्यानंतर लग्नात, मयतीत भेटलो, बोललो नाही. चूक कोणाची हे मी येथे लिहीत नाही. हेडफोन नवा होता एवढे लिहितो.

मग सात ओव्या मी एकट्याने गायल्या. दर दोन ओळींनंतर त्याची जागा मोकळी सोडली. त्या जागेत आता पंख्याची घरघर आणि माझी धाप ऐकू येते, आणि तिसऱ्या ओवीत वरच्या मजल्यावरच्या शिवकुमार हत्तुरे यांच्या कुकरची शिट्टी.

दोन माइकची पेटी मी पुढे घेतली. ती सील न फोडता कपाटात आहे.

सदर कॉम्प्युटर, माइक, दोन्ही पेट्या व सातही ओव्या मी पुतणी पूनम जोतिराम मेटकरी हिला देतो. ती सोलापुरात शाळेवर शिक्षिका आहे, भावाभावांचे बोलणे बंद असताना दर रविवारी येत राहिली आणि कॉम्प्युटर तिलाच चालवता येतो. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

५. ओव्यांतील मोकळ्या जागा. अमृतने मला मागे सांगितले, "बाबा, काकांच्या मोबाईलवरच्या व्हिडिओवरून हुबेहूब आवाज तयार करता येतो. सगळ्या जागा भरतील, कुणाला कळणार पण नाही." मुलगा हेतूने चांगला आहे. तरी असे कोणीही करू नये. मी नसेन, त्यामुळे मला कळणार नाही हे खरे. जोतिरामला कळेल. त्या जागा तो भरील, नाहीतर तशाच राहतील.

६. घोंगड्या भिंतीवरून काढून गावी बिरोबाच्या देवळात द्याव्यात. वडिलांचा ढोल पूनमकडे. वरच्या शिवकुमार हत्तुरे यांनी आमच्या गाण्याची सोसायटीकडे दोनदा तक्रार केली होती. त्यांना मी क्षमा देतो, दुसरे काही देत नाही.

७. धाकटा भाऊ जोतिराम यास मी काहीही देत नाही.

हे वाचून गावात चर्चा होईल, म्हणून कारण लिहितो. वकिलांनी सांगितले की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याला साक्षीदार करू नये. मला साक्षीदार म्हणून जोतिरामच पाहिजे. मी विचारले, कागद गावी पाठवून त्याची सही मागवली तर? बिराजदार म्हणाले, "तसं नाही चालत, मेटकरी. तुम्ही सही करताना त्यानं तुम्हाला बघितलं पाहिजे, आणि त्यानं करताना तुम्ही." मी त्यांना हे पुन्हा एकदा सांगायला लावले. म्हणजे एकेकट्याने करून नंतर जोडणे कायद्यालाही मान्य नाही.

तेव्हा पूनमने बापाला घेऊन यावे. सही मधल्या खोलीत होईल. नवी पेटी फोडून दोन माइक लावून ठेवावेत, समोरासमोर. मी त्याला गा म्हणणार नाही. सही कर एवढेच म्हणेन. मला आता फार थकवा येतो, एका दमात दोन ओळींच्या वर जमत नाही. पण दोन ओळींनंतर तसेही थांबायचेच असते, पुढचे उचलणारा असला तर.

वर लिहिलेले मी वाचले, ते माझ्या इच्छेप्रमाणे आहे. खालील दोघांच्या समक्ष सही करीत आहे.

ठिकाण : सोलापूर
तारीख : २३ नोव्हेंबर २०२५

(सही) कुंडलिक मायाप्पा मेटकरी

साक्षीदार :

१. (सही) शिवकुमार हत्तुरे, वरचा मजला. कलम ६ वाचले. आज कुकर लावलेला नाही.

२. (सही) जोतिराम मायाप्पा मेटकरी. पूनमनं वाचून दावलं. मला काय दिलं न्हाय त्ये बराबर हाय. त्येवडी टिकटिक बंद करा, मग बसतो.