मागे न जाणारा आकडा

३ मार्च

दादाने आज नवी आवृत्ती काढली — १.०! बदलांच्या यादीत एकच ओळ: क्रमांक बदलला. बाकी प्रोग्राम जसाच्या तसा.

आईची नजर गेली तेव्हा त्याने हा लिहिला, पडद्यावरचं वाचून दाखवणारा. आता बरीच अंध माणसं वापरतात. त्यांच्या मशीनपर्यंत तो पोचवायचं, म्हणजे लिनक्ससाठी त्याचं पॅकेज बांधायचं काम माझं. आजवर महाशय क्रमांक म्हणून तारीख टाकायचे. शेवटची २०२२०९१८, म्हणजे २०२२ चा १८ सप्टेंबर. मशीनला तारीख कळत नाही, आकडा कळतो. दोन कोटींनंतर एक आला की ते म्हणतं, हे तर जुनं — आणि घेतच नाही. हे त्याला पक्कं माहीत आहे. निस्तरायला मी आहेच!

४ मार्च

त्याच्या तक्रारींच्या पानावर लिहिलं: क्रमांक मागे जातोय, कृपया तीन कोटींपासून पुढे मोजा. "कृपया", "मोजा"! सख्ख्या भावाला. दीड वर्ष आमचं बोलणं एवढंच, तेही चारचौघांसमोर.

५ मार्च

"जमणार नाही." तक्रार बंद.

९ मार्च

मास्तरांचा फोन. पॅकेजवाल्यांत सगळ्यांत जुने, म्हणून मास्तर. "एपॉक लाव आणि मोकळी हो."

एपॉक म्हणजे क्रमांकाच्या आधी एक जादा आकडा. मशीनला सांगायचं, मागचं मोजणं विसर, इथून नव्याने. पण एकदा लावला की काढता येत नाही. जन्माचा चिकटतो. मी म्हटलं, लहर त्याची आणि डाग माझ्या पॅकेजवर का?

"अगं, क्रमांक बघतंय कोण?"

मी बघते.

१० मार्च

खरं काय ते लिहूनच टाकते, इथे कोण वाचतंय.

त्या १८ सप्टेंबरला बाबा गेले. दवाखान्याच्या बाकावर मी एकटी, मांडीवर त्यांचा चष्मा आणि चपलांची पिशवी. दादाचा फोन बंद. संध्याकाळी उगवला तोवर आवृत्ती काढून झाली होती. "मला तिथे बसवलं नसतं गं," म्हणाला. मला बसवत होतं?

त्यानंतर त्याने प्रोग्रामला हात लावला नाही. म्हणून तीच तारीख वर राहिली. बाप जात असताना हा काय करत होता, ते त्याच्याच हाताने लिहिलेलं आहे तिथे. आता पुसायचंय. आणि तेही माझ्याकडून! नाही पुसणार. राहू दे लोकांच्या मशीनवर.

१६ मार्च

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत पॅकेज उघडलं. बंद केलं. मास्तरांना कळवलं, विचार चालू आहे. थाप. विचार कधीच संपलाय.

२२ मार्च

कुणीतरी दादाला सगळ्यांसमोर विचारलंय — नवी आवृत्ती आमच्याकडे का येत नाही? वाटलं, आता माझ्या नावाने खडे फोडेल. "येईल" एवढंच लिहिलं. साळसूद कुठला! मला खूप राग आला, त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२४ मार्च

आईचा फोन.

"अगं, ते नवीन तुझ्याकडूनच यायचंय ना? सकाळी मशीन लावलं की ते आधी आपला नंबर बोलतं. बाबा गेले ती तारीख. रोज. इतके दिवस ऐकली, आता नको वाटते. मीच दादाला म्हटलं, एवढं बदल."

मी पॅकेज तपासते ते कायम आवाज बंद ठेवून. ती काय ऐकते, ते कधी ऐकलंच नाही. कसंबसं विचारलं, दादा काय म्हणतो?

"तो म्हणतो, तिचं काम किचकट असतं, तिच्या मागे लागू नकोस."