अँटेनावर आता कोण पाहतं

बाबा, तुमचं टीव्हीचं केंद्र बंद झालं. हे लिहायला सकाळपासून तीनदा बसले, तीनदा उठले.

नरखेडकडच्या त्या दोन खोल्यांत तुमची अख्खी नोकरी झाली. मोठ्या केंद्राचं चित्र घ्यायचं आणि आसपासच्या गावांना पोचवायचं. मी अकरा वर्षांची असताना तुमचा डबा घेऊन आले होते. तुम्ही हात धुवायला गेलात आणि मी एक खटका खाली ओढला. पाचेक मिनिटं सगळ्या गावांतलं चित्र गेलं. तुम्ही मारलं नाही. संध्याकाळी सायकलवर बसवून जवळच्या वस्तीतल्या एका एकट्या म्हातारीकडे नेलंत. "माय, दुपारी चित्र काहून गेलं ते ही पोरगी सांगते," म्हणालात आणि ओट्यावर बसून राहिलात. तुम्हाला घाई नव्हती. शेवटी मी सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "मले वाटलं माह्या टीव्हीलेच काही झालं. त्याले थापडा मारून राहिली होती मी." परतताना तुम्ही एवढंच बोललात, "आपल्याकडून गेलं तर आपण सांगावं. नाही तं मानूस सोतालेच दोष देते."

मी आता नागपुरात एका मोबाइल कंपनीत आहे. टीव्हीचं चित्र ज्या लहरींवरून यायचं, त्या मोबाइलसाठी मोकळ्या करतायत. कुठे किती जागा होईल ते पाहणं हे माझं काम. बंद होणाऱ्या केंद्रांच्या यादीत आपलं केंद्र होतं, तारखेसकट. बैठकीत कुणी तरी विचारलं, लोकांची अडचण होईल का? "अँटेनावर आता कोण पाहतं?" मी म्हणाले. सगळे हसले. तुमच्या माघारी आई अजून तशीच पाहते, हे मला माहीत होतं. सांगू, सांगू म्हणता महिना गेला.

मग तिचा फोन आला. "चित्र नाही येऊन राहिलं वं. नुसत्या मुंग्या दिसते." बंद होण्याआधी पडद्यावर खाली सूचनेची पट्टी फिरत होती म्हणे, पण अक्षर बारीक, तिला ती जाहिरात वाटली. "करते मग फोन," मी म्हणाले, आणि केला नाही. दुसऱ्या दिवशी ती अँटेना फिरवायला शिडीवर चढली आणि घसरली. मनगट मोडलं. शेजाऱ्यांनी काटोलच्या दवाखान्यात नेलं.

मी छतावर डिश बसवून दिली. चित्र अगदी लख्ख येतं. पण दोन रिमोट तिला जमत नाहीत, शेजारीण लावून देते. ती गावाला गेली की आई बंद टीव्हीसमोर तांदूळ निवडत बसते.

गेल्या रविवारी प्लास्टर निघालं. जेवताना तिनं विचारलं, "हे बंद होनार म्हनून तुले ठाऊक होतं का वं? तुह्याच कामातलं हाय ना?"

"नाही," मी म्हणाले.

"तेच म्हनते मी. तुले ठाऊक असतं तं तू मले सांगतलंच असतं." आणि त्या सुजलेल्या हातानं तिनं माझ्या पोळीवर तूप वाढलं.

हे पत्र कुणाच्या हाती पडणार नाही, म्हणूनच एवढं लिहू शकले. ती पोळी मी खाल्ली, बाबा. वर आणखी एक मागून घेतली.