ओव्हनमध्ये वाळवलेला कॉम्प्युटर

२ सप्टेंबर

ही गाडी नवी होती तेव्हा एकदा आम्ही तिघं गादी आणायला गेलो होतो. हे चालवत होते. मी मधे, गिअरचा दांडा दर वळणावर गुडघ्याला लागायचा. खिडकीशी माझी धाकटी जाऊ, नुकतीच लग्न होऊन आलेली, मांडीवर रबराच्या झाडाचं रोप. त्याचं एक पान सारखं माझ्या कानात जात होतं. विशेष कोणी बोललं नाही. परत येताना हे धाकटीला म्हणाले, चालवतेस का? तिने चालवली. माझं डोकं दुखत होतं म्हणून मी डोळे मिटून बसले. छान दिवस होता.

आठवायचं कारण, गाडी आज परत चौकात बंद पडली. हे गेल्यापासून पिकअप माझ्या नावावर आहे, माझ्या शेडमध्ये उभी असते. धाकटी रोज सकाळी येऊन तिच्या नर्सरीची झाडं पोचवायला नेते. मेकॅनिकने आधी प्लग बदलले, मग फिल्टर, मग हात झटकून सांगितलं की काकू, हिचा कॉम्प्युटर गेलाय. म्हणजे इंजिनाला पेट्रोल किती आणि ठिणगी कधी हे सांगणारा डबा. काचेतून पाणी झिरपून आत ओल गेली म्हणे.

ठरवलं: या कामावर मी स्वतः देखरेख करणार. गाडीचं जाड पुस्तक इंग्रजीत आहे. घरात ते नीट वाचू शकेल अशी मी एकटीच.

४ सप्टेंबर

धाकटी घाबरलेली. नव्या हॉस्पिटलला सोळा तारखेला सगळी झाडं पोचवायची आहेत. ती वेळेवर पोचली तर वर्षभराच्या देखभालीचं काम तिला मिळणार. नाही मिळालं तर नर्सरीची जागा सोडावी लागेल, मालक वाटच बघतोय. तिने खबरदारी म्हणून एक टेम्पो ठरवून ठेवला होता. मी म्हटलं, घरची गाडी असताना परक्याचा टेम्पो कशाला? आठ दिवसांत तयार होते. ती म्हणाली, ताई, नक्की ना? मी म्हटलं, मी सांगते ना.

तिने माझ्यासमोरच फोन करून टेम्पो रद्द केला. मला बरं वाटलं. विश्वास टाकायलाही मन मोठं लागतं, ते तिला हळूहळू येतंय.

५ सप्टेंबर

मेकॅनिकला भंगारवाल्याकडे त्याच नंबरचा कॉम्प्युटर मिळाला. जुना काढायला उद्या येतो म्हणाला. मी म्हटलं, मी काढून आणते. तो म्हणाला, काढा, पण उघडू नका. किल्लीची ओळख त्या जुन्या डब्याच्या पोटात आहे, ती मशीन लावून नव्यात उतरवायची असते. तेवढी ओळख गेली तर गाडी किल्लीला दाद देणार नाही.

थोडक्यात, हरवू नका असं त्याला म्हणायचं होतं.

६ सप्टेंबर, सकाळी

काढला! बॅटरीची वायर आधी सोडली (पुस्तक, पान एकशे बारा). डाव्या सीटच्या पायाशी प्लास्टिकचं झाकण, तीन स्क्रू, दोन मोठे प्लग. कार्पेट ओलं. गुडघे टेकून काम केलं तरी दुखले नाहीत. संध्याकाळी दुखतील.

दुपारी

डबा हातात घेऊन बसले. इतकी वर्षं यांच्या पायाचा दाब याने ओळखला. यांना चढावर गाडी कशी लागायची ते याला ठाऊक. आणि आता याला टाकून भंगारातला कोणीतरी अनोळखी आणून बसवायचा? मनाला पटेना. नुसतं बघायला म्हणून उघडला. आतल्या सर्किटच्या पट्टीवर हिरवट पांढरी बुरशी धरलेली. म्हणजे आजार तो एवढाच! कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टर आमच्या वह्यांच्या कडासुद्धा तपासायच्या. घाण दिसली की मला राहवत नाही.

जुना टूथब्रश, भांड्यांचा साबण, कोमट पाणी. इतकी स्वच्छ पट्टी कंपनीतूनही निघाली नसेल.

वाळवायला ओव्हन. इंटरनेटवर एका गृहस्थांनी केलेलं आहे. मंद आच म्हणाले होते. आमच्या ओव्हनच्या बटणावरचे आकडे केव्हाच पुसले गेलेत, म्हणून केकला लावते तिथे लावलं.

संध्याकाळी

एका कोपऱ्यातली प्लास्टिकची चौकट किंचित वाकली. दाबून सरळ केली. आतले दोन छोटे दंडगोल फुगल्यासारखे दिसतात. आधीपासून असतील.

धाकटी आली. दारातच थांबून म्हणाली, कसला वास ताई? मी म्हटलं, केक करपला. तिने ओव्हनकडे पाहिलं, बेसिनमधल्या टूथब्रशकडे पाहिलं. मग म्हणाली, चहा मी ठेवते, तुम्ही बसा. गुणी आहे. शंका घ्यायचा स्वभाव नाही.

९ सप्टेंबर

डबा जाग्यावर बसवून पाहिला. गाडी चालू होत नाही. किल्ली फिरवली की एक लाल दिवा लुकलुकतो, बस. बॅटरी उतरली असणार. डबा परत काढून स्क्रू लावून रुमालात गुंडाळला. मेकॅनिकला धुण्याचं सांगायचं का? विचार केला. उगीच त्याला वाटेल की मी त्याच्या कामात ढवळाढवळ करते.

११ सप्टेंबर

गॅरेजमध्ये मी, धाकटी, मेकॅनिक आणि मशीनवाला. मशीनवाल्याने डबा उघडला आणि वास घेतला. मेकॅनिक ओरडलाच, हा धुतलाय कोणी? साबणाचा फेस वाळलाय कोपऱ्यात! आणि भाजलाय का काय? अहो, हा कॉम्प्युटर आहे का पापड?

मी रुमालाची घडी घालत होते. घडी नीट बसत नव्हती.

धाकटी म्हणाली, मी धुतला.

मेकॅनिकने तिला वाट्टेल ते सुनावलं. ती खाली मान घालून हो, चुकलं म्हणत राहिली. जुन्यातलं काहीच वाचता येत नाही. आता कंपनीकडून कोरा कॉम्प्युटर आणि त्याच्या जोडीच्या नव्या किल्ल्या मागवाव्या लागतील, यायला महिना. मशीनवाला मशीन बॅगेत भरून निघून गेला.

धाकटीने चूक स्वतःहून कबूल केली हे मला आवडलं. मोठी म्हणून मी तिला एका शब्दाने बोलले नाही.

१२ सप्टेंबर

काल रात्रीचं जेवण गेलं नाही. पित्त.

तसं पाहिलं तर ओव्हन माझा होता.

टूथब्रशही.

१४ सप्टेंबर

टेम्पोवाल्याला मीच फोन केला. त्याने दुसरीकडे शब्द दिलाय. आणखी तिघांना विचारलं, सणांचे दिवस, कोणी मोकळा नाही. शेवटच्याने विचारलं, बाई, इतक्या उशिरा का आठवलं? मी म्हटलं, घरात थोडी गडबड झाली.

१६ सप्टेंबर

धाकटीने रिक्षाने खेपा केल्या. मोठ्या कुंड्या रिक्षात मावेनात. मी एक तुळतुळीत पानांचं झाड मांडीवर घेऊन बसले, तेवढीच मदत. हॉस्पिटलच्या मॅनेजरने व्हरांड्यातल्या रिकाम्या जागा बोटाने मोजल्या. देखभालीचं काम दुसऱ्याला दिलं. अगदी सभ्यपणे दिलं, पाणीही विचारलं.

परतताना धाकटी म्हणाली, उन्हात तुमचं डोकं दुखत असेल ना ताई?

नाही म्हटलं. खरंच दुखत नव्हतं. दुखलं असतं तर बरं झालं असतं.

१९ सप्टेंबर

भाऊजी म्हणजे धाकटीचा नवरा. कंबरेने अधू, म्हणून नर्सरीत बसून गिऱ्हाईक बघतात. आज एका गिऱ्हाइकाला सांगत होते, आमच्याकडे कॉम्प्युटरसुद्धा भांड्यांबरोबर घासतात, तुमचा असेल तर द्या पाठवून. गिऱ्हाईक हसलं. धाकटीही हसली. कुंडीतली माती दाबत होती, ती दाबतच राहिली.

मी जास्वंद बघायला आले होते. न घेता परत आले.

ठरवलं: उद्या सांगायचं. भाऊजींना, स्पष्ट, तिच्यादेखत.

२० सप्टेंबर

आज पाहुणे येण्यासारखे होते. आले नाहीत.

२१ सप्टेंबर

नर्सरीत गेले. जागामालक येऊन गेला होता, महिनाअखेर जागा मोकळी करायची. धाकटी रोपं निवडत होती, कोणती विकायची, कोणती घरी न्यायची. भाऊजी तिला म्हणत होते, एक डबा सांभाळता आला नाही तुला. मला वाटलं, आता. पूर्ण वाक्य पाठ केलं होतं. तोंडातून एवढंच निघालं, भाऊजी, ओव्हन माझा होता.

ते म्हणाले, वहिनी, तुम्ही नेहमी तिला पाठीशी घालता. म्हणूनच ती अशी. तुमच्याइतकं मोठं मन मला नाही.

आणि मी, देवा, मी गप्प राहिले. वर थोडंसं हसलेसुद्धा. विनय दाखवल्यासारखं.

धाकटीने मान वर केली नाही. माझ्या चपलेला माती लागली होती, ती तिने जाता जाता फडक्याने पुसली.

२२ सप्टेंबर, सकाळी सात

डबा मी उघडला. मी धुतला. मी भाजला. टेम्पो मी रद्द करायला लावला. वही माझी, वाचणारी मी, आणि इथेही मी अकरा तारखेला खोटंच लिहिलं. यांच्या पायाचा दाब वगैरे सगळं नंतर सुचलेलं. खरं एवढंच की ती गाडी धाकटीला चालवता येते आणि मला येत नाही, आणि एकदा तरी ती माझ्या हातून नीट व्हावी असं मला वाटत होतं.

आता कोणाला काय, ते. आजच. पाहुणे आले तरी.

भाऊजींना: वरची पहिली चार वाक्यं, जशीच्या तशी, धाकटी समोर असताना. ओव्हनपासून सुरुवात करायची नाही.

मेकॅनिकला: तीच वाक्यं. त्याने पापड म्हटलं तर म्हणू द्यायचं.

हॉस्पिटलच्या मॅनेजरला: प्रत्यक्ष जाऊन, उशीर कोणामुळे झाला ते. काम परत मिळणार नाही. तरी.

रोपांना: माझी शेड आणि मागचं अंगण, पाण्याच्या नळासकट. तारेवरची साडी काढायची.

मोठं मन: धाकटीला. माझ्याकडे चुकून आलं होतं.

गाडी, कागदपत्रं, कंपनीकडून येतील त्या दोन्ही किल्ल्या: धाकटीला, तिच्या नावावर. एक तुमच्याकडे असू द्या ताई, असं ती म्हणेल. घ्यायची नाही.