काहीही चालेल, असे मी कधी म्हटले?

पिंप्राळा, जळगाव
मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

चि. प्रशील यास सुलक्षणाआत्याचा सप्रेम जयभीम.

रविवारी, ९ नोव्हेंबरला, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी शिरपूरचे एक कुटुंब मला बघायला आले. बघायला म्हणजे भेटायला नव्हे. तुझी तब्येत बरी असेल. धुळ्यात थंडी पडली असेल, कान झाकून फिरत जा. आईचा गुडघा कसा आहे? माझी प्रकृती रविवारी दहा वाजून एकोणचाळीस मिनिटांपर्यंत उत्तम होती.

आले ते तिघे: नवा शर्ट घातलेला राकेश नावाचा मुलगा, त्याची आई द्रौपदाबाई आणि पहूरहून परस्पर आलेले मामा देवचंदराव (निवृत्त कृषी अधिकारी, पत्नी जाऊन सहा वर्षे झाली, हे त्यांनी न विचारता सांगितले). मला वाटले, वरच्या भाडेकरूंचे पाहुणे. आपल्याकडे आलेल्याला आधी बसवायचे आणि मग कोण म्हणून विचारायचे, तसे मी बसवले, पोहेही केले. पोहे मीच आणले, म्हणून द्रौपदाबाई माझ्या पाठीमागे दाराकडे बघत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "अक्का, पोर कोठे शे?" मी विचारले, कोणती पोर? तर त्यांनी मोबाईल पुढे केला. "आठे बठ्ठं लिखेल शे."

लिहिलेले होते तू समाजासाठी बनवलेल्या वधू-वर ॲपवर. सुलक्षणा, पिंप्राळा (खाली घराचा पूर्ण पत्ता), अविवाहित, बँकेत नोकरी, वय एकवीस. फोटो मी बँकेत लागले तेव्हाचा, कृष्णधवल (त्यांना वाटले, हल्ली तशी फॅशन आहे). फोन नंबर तुझा, जो तू उचलत नाहीस. आणि 'अपेक्षा' या रकान्यात: काहीही चालेल.

मी चष्मा लावून दोनदा वाचले आणि म्हटले, ती पोर मीच. राकेशने बशी खाली ठेवली, उठला आणि मला वाकून नमस्कार केला (मुलगा तुझ्यापेक्षा वळणाचा आहे). देवचंदराव इतके हसले की त्यांना ठसका लागला. म्हणाले, "काहीही चालेल लिहिलंय ना बाई, मग आमच्या भाच्यात काय खोट आहे?" मी म्हटले, भाच्यात नाही, मामांकडे बघून शंका येते. त्यावर ते आणखी हसले.

तुला फोन केला तर तू म्हणतोस, "आत्या, ती टेस्टची नोंद होती, काढायची राहिली." म्हणे, जन्मतारीख रिकामी सोडली तर ॲप काय करते ते बघत होतास. काय करते? 'तारीख भरा' म्हणून अडवायचे सोडून स्वतःच्या मनाने एकवीस लिहिते. तपासणीसाठी खोटी माणसे बनवायची असतात, प्रशील, सख्खी आत्या वापरायची नसते. आणि तपासायची जागा वेगळी, लोकांना उघडून द्यायची वेगळी. आम्ही बँकेत ज्याने व्हाउचर लिहिले त्याला ते पास करू देत नसू, मग तो साहेब का असेना. तो लबाड असतो म्हणून नव्हे. आपले लिहिलेले आपल्याला बरोबरच दिसते म्हणून. तू लिहितोस, तूच तपासतोस आणि तूच स्वतःची पाठ थोपटतोस.

म्हणून सोमवारी मीच तपासायला बसले. (कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आमचे भरतकाम आधी उलटे करून बघत. सुलट बाजू सगळ्यांचीच बरी असते.) वय एकशे दहा टाकले, घेतले. उंची बावीस फूट टाकली, तीही घेतली, वर 'अनुरूप स्थळे शोधत आहोत' म्हणाले. वराच्या बाजूने माझेच नाव भरले, तर मला मीच स्थळ म्हणून आले. जुळते बासष्ट टक्के. जन्मभर स्वतःच्याच सोबतीने राहिलेल्या बाईला हे ऐकवतोस. 'नोंद काढून टाका' दाबले, तेव्हा ॲपने माझे आभार मानले आणि नोंद तशीच ठेवली.

येत्या रविवारी धुळ्याच्या मेळाव्यात तुम्ही हे मोठ्या पडद्यावर दाखवणार. तिथे माझ्या बँकेतल्या निम्म्या मैत्रिणी आणि तरुणपणी मी ज्यांना नकार दिले ती मंडळी मुला-नातवंडांसाठी येणार. त्यांच्यापुढे माझ्या नावाखाली 'काहीही चालेल' झळकले, तर चाळीस वर्षे ज्या तोऱ्यात जगले तो एका ओळीत संपेल.

तरी शुक्रवार, १४ नोव्हेंबर, सायंकाळी पाचच्या आत मला लेखी उत्तर हवे: कोणता दोष दुरुस्त केला, आणि तो दुरुस्त करताना आधी नीट चालणारे काही बिघडले नाही ना, हे कोणी तपासले. 'कोणी' म्हणजे तुझ्याखेरीज कोणी. अंगठ्याचे चित्र उत्तर म्हणून धरले जाणार नाही.

तुझी आत्या,
सुलक्षणा

ता. क. : यातले आईला काही सांगू नकोस.

ता. क. २ : नोंद काढायची घाई नको. फोटो बदल (निळ्या साडीतला पाठवते) आणि वय खरे, त्रेसष्ट लिही. अपेक्षेत लिही: चूक दाखवल्यावर हसता आले पाहिजे.

ता. क. ३ : वरांच्या अर्जात तू वयाची मर्यादा पंचेचाळीस ठेवली आहेस. काल पहूरहून एका गृहस्थांचा फोन होता. त्यांना ॲप आत घेत नाही. एकशे दहा वर्षांची वधू चालते आणि सदुसष्टचे कृषी अधिकारी अडतात, हे कोणत्या नियमात बसते? बाकीचे दोष सावकाश केलेस तरी चालेल. हा मात्र पत्र हातात पडल्याबरोबर कर.